पाच घरचा टाका

“भांडी कुठायत गं आज?” रणनवरे वहिनींनी चष्म्याच्या वरून बघत विचारलं.

कंकूबाई बालवाडीच्या दारात उभी होती आणि तिच्या डोक्यावर टोपली नव्हती. टोपलीशिवायची कंकूबाई आम्ही कुणी पाहिलीच नव्हती. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या, हा तिचा धंदा. दहिवडीतल्या एकूणएक घरच्या जुन्या साड्या या बोहारणीच्या हातून गेल्या होत्या आणि एकूणएक घरच्या मांडणीवर तिचं एखादं तरी पातेलं होतं. आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी ओरडली तर शेवटच्या घरातलं निजलेलं पोर दचकून उठावं. घासाघिशीत तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मात्र तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली,

“आज काय द्याया न्हाई आले वैनी. मागाया आलेय.”

आमचं ‘ऊब गोधडी मंडळ’ दर मंगळवारी दुपारी बालवाडीच्या खोलीत बसायचं. पद्धत अशी, की ज्या बाईची पाळी असेल तिनं आपली गोधडी मधे पसरायची आणि बाकीच्या सगळ्यांनी कडेनं बसून तिला टाके घालायचे. एकटीला दोन महिने लागणारी गोधडी दोन-तीन बैठकांत उठायची. रणनवरे वहिनी अध्यक्ष. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत मोठ्या टेबलावर होते आणि घरात येणारी परिपत्रकं बघून बघून वहिनींनाही नियमांची चटक लागली होती. आमचे नऊ नियम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून ‘अ अननसाचा’ या तक्त्याशेजारी टांगले होते. सुई आपापली आणावी. चहा गोधडीपासून लांब बसून प्यावा. सांगून न येणारीची पाळी मागे पडेल. सातवा नियम हौसाआत्यांच्या आग्रहावरून आला होता: सासूविषयी बोलायचं असल्यास सुई खाली ठेवून बोलावं. हौसाआत्या आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या आणि त्यांचं म्हणणं असं, की सासूचा विषय निघाला की बायकांचे टाके लांब पडतात.

नियम वाईट नव्हते. मी ब्लाउज शिवून घर चालवणारी बाई. कामाला शिस्त लागते हे मला कुणी शिकवायला नको. चहाच्या नियमासाठी तर मीच भांडले होते.

“काय मागायला आलीस?” वहिनींनी विचारलं.

“मला मंडळात घ्या. वर्गनी भरते. समद्यांच्या गोधड्यांस्नी टाकं घालते, कामाला मागं हटायची न्हाई. फकस्त माझी पाळी जरा लवकर द्या.” ती थांबली. “माझी सवू आलीया बाळंतपणाला. सातवा सरत आला. पैली दोन्ही ऱ्हायली न्हाईत, म्हाईतच हाय तुमास्नी.”

ते गावाला माहीत होतं. सविताचं पहिलं पोटातच गेलं होतं आणि दुसरं बारशाआधी.

हौसाआत्यांनी सुई थांबवली. “पाच घरचा टाका मागतीयास व्हय गं?”

“व्हय आत्याबाई.”

मग कुणाला काही विचारावं लागलं नाही. आमच्या भागात जिथे मुलं जगत नाहीत, तिथे पुढच्या बाळाची गोधडी घरच्या कापडाची करत नाहीत. परक्या घरांतून कापड गोळा करतात आणि परक्या पाच घरच्या पाच बायका तिच्याभोवती एका बैठकीला बसतात. एकच दोरा, मधे तोडायचा नाही. सुई या हातातून त्या हातात जाते आणि गोधडीची कड बंद होते. मग ते पोर कुठल्या घरचं हे ओळखू येत नाही म्हणतात. कुणाला ओळखू येत नाही, ते कुणी बोलत नाही.

कापडाची कंकूबाईला ददात नव्हती. अख्ख्या गावाचं कापड तिच्याकडे होतं. पण बायका कुठून आणायच्या? तिच्या जातभाईंची चार घरं ओढ्यापलीकडे होती, ती पोटासाठी बारामतीकडे गेली होती. आणि गावातल्या बायका तिच्याकडून पातेलं घेतील, दोन रुपयांसाठी तासभर हुज्जत घालतील, पण तिच्या घरी जाऊन घोटभर पाणीही पिणार नाहीत. म्हणून ती आमच्या दारात आली होती.

“अर्ज लागतो,” वहिनी म्हणाल्या. “कमिटीपुढे ठेवावा लागेल.”

“मला लिवाया येत न्हाई.”

“मी लिहिते ना,” सुलक्षणा पटकन म्हणाली. ती आमची चिटणीस, नुकती लग्न होऊन आलेली, बी. कॉम. झालेली पोर. तिनं तिथेच कागद घेऊन चार ओळी लिहिल्या आणि कंकूबाईनं त्यावर अंगठा उठवला. जाताना ती प्रत्येकीला वाकून नमस्कार करून गेली. एरवी जी बाई कुणाला एक चमचा जास्त सोडत नाही, ती वाकली, हे मला बघवलं नाही.

ती ओढ्याकडे वळेपर्यंत वहिनी थांबल्या. मग म्हणाल्या, “आज ही आली. उद्या सुया-पोत विकणारी येईल. आणि हिच्या गाठोड्यात कुणाकुणाचे कपडे असतात, ठाऊक आहे ना? मेलेल्या माणसांचेसुद्धा.”

“आपल्याच घरचे असतात वहिनी,” मी म्हटलं.

 नजमाभाभी, बाजारातल्या बांगडीवाल्या मणेरांची बायको, माझ्याकडे बघून खाली मान घालून टाके घालायला लागली.

पुढच्या मंगळवारी बालवाडीत शिरले तर पुठ्ठ्यावर दहावा नियम आलेला. शाई ताजी होती. ‘सभासदाने स्वतःच्या घरात वापरलेल्या कापडाचीच गोधडी मंडळात आणावी. बदल्यात, विकत अथवा मागून आणलेले कापड चालणार नाही.’

वहिनी त्यावर बोलल्यादेखील. गोधडी म्हणजे घराण्याची आठवण, वगैरे. साताऱ्याच्या प्रदर्शनाला मंडळाच्या गोधड्या पाठवायच्या आहेत, तिथे आपण काय सांगणार, ही साडी कुणाची ते माहीत नाही म्हणून? “माझंच बघा,” त्या म्हणाल्या, “आमच्या जिजींची चंद्रकळा मी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवली आहे. प्रदर्शनाच्या गोधडीत मधोमध तीच लावणार. तिला काही किंमत आहे का? मनातली किंमत म्हणते मी.”

जिजी म्हणजे त्यांच्या सासूबाई. जाऊन दोन वर्षं झाली होती. काळी चंद्रकळा आणि तांबडे काठ, बाजारात लांबून ओळखू यायच्या.

“वहिनी,” मी म्हटलं, “माझ्या सगळ्या गोधड्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजातून उरलेल्या चिंध्यांच्या आहेत. त्यातला एक तुकडा माझ्या घरचा नाही. मग मी पण उठू का?”

“तुमचं वेगळं, शैलाताई.”

“वेगळं कसं?”

“तुम्ही ओळखीच्या.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ओळखीच्या! जिच्याशी आम्ही प्रत्येकीनं आपापल्या ओसरीवर बसून वर्षानुवर्षं वाद घातले, जिला आमच्या घरातला कुठला माणूस जाड झाला आणि कुठला वारला हे कपड्यांवरून कळतं, ती अनोळखी? नियम लिहायचा सगळ्यांसाठी आणि लावायचा एकीला, यापेक्षा तोंडावर नाही म्हणून सांगितलं असतं तर मी वहिनींना मान दिला असता. पण वहिनींनी हात वर करायला सांगितलं आणि एकेक करत हात वर गेले. माझा गेला नाही. हौसाआत्या कानानं कमी ऐकतात हे सोयीचं ढोंग करून मांडीवरच हात ठेवून बसल्या. सुलक्षणाला लिहायचं होतं. नजमाभाभीनं हात वर केला नाही, पण बोललीही नाही.

मंजूर, असं सुलक्षणानं लिहिलं, आणि तेवढ्यात दारात कंकूबाई.

तिला कुणी काही कळवलं नव्हतं. काखेत गाठोडं, चेहरा उजळलेला. “वैनी, म्हनलं आधी तुमास्नी दावून घ्यावी,” म्हणत ती सरळ आत आली आणि कुणी थांबवायच्या आत तिनं गोधडी चटईवर पसरली.

लहानशीच होती, पाळण्यापुरती. पण काय मांडली होती! चारी कोपऱ्यांत पिवळ्या चौकटी, कडेनं हिरवे-जांभळे तुकडे एकमेकांत दात घालावेत तसे बसवलेले, आत विटकरी, आणि बरोबर मधोमध तळहाताएवढा एक काळाभोर चौकोन, एका बाजूला तांबडा काठ असलेला. तुकडे आतून टाचून झाले होते. फक्त भोवतालची कड उघडी ठेवली होती, पाच घरच्या टाक्यासाठी.

दहावा नियम आत्ता मंजूर करणाऱ्या बायका गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

“अगं बया, ही माझी नारायणपेठ!”

“हा तर आमच्या बाळूचा सदरा. शाळेचा.”

“व्हय व्हय,” कंकूबाई खुलली. “ह्यो तुमचा, ह्यो तुमचा. ह्ये शैलाताई, तुमच्या दाल्ल्याचं धोतार, त्येचं अस्तर क्येलंय. समदं गाव हाय ह्येच्यात. कुनाचं पोर म्हनून वळखाया येतंय का बघा बरं!”

हौसाआत्यांनी हात लांब करून मधल्या काळ्या तुकड्यावरून बोट फिरवलं. त्यांना दिसायचं कमी, पण बोटांना कळायचं. “ही जिजीची चंद्रकळा,” त्या म्हणाल्या. “ह्या काठावर तिनं सवता रफू क्येलंतं. मी बसलेवते शेजारी.”

 ट्रंक आणि डांबरगोळ्या सगळ्यांच्याच कानांत अजून ताज्या होत्या.

वहिनींचा चेहरा लाल झाला. “ते... ते चुकून गेलं असणार. कपड्यांच्या ढिगात.”

“चुकून कशानं वैनी?” कंकूबाई आपली साधेपणानं बोलून गेली. तिला बिचारीला काय माहीत मघाशी काय भाषण झालं ते. “तुमीच दिली की. दोन लुगडी आन सायबाची प्यांट. त्येच्यावर मोठा डबा घ्येतला. झाकन घट बसंना म्हनून दुसऱ्या दिशी बदलून बी न्येला.”

मागून कुणीतरी फसकन हसलं. त्या हसण्यानं घात केला. वहिनी एवढ्यावर गप्प बसल्या असत्या, पण आता त्यांना माघार घेता येईना. त्यांनी उठून पुठ्ठ्यावरचा दहावा नियम खणखणीत आवाजात वाचला, कंकूबाईला उद्देशून, अक्षर अन् अक्षर तोडून. मग म्हणाल्या, “म्हणजे ही गोधडी मंडळात घेता येत नाही. आणि हा तुकडा आमच्या घरचा आहे. तो उसवून द्या.”

कंकूबाईला पहिलं वाक्य नीटसं कळलंच नाही. दुसरं मात्र तिच्या धंद्यातलं होतं. ती ताठ झाली.

“सौदा झालाय वैनी. माझा कायदा यकच हाय. भांडं परत आलं तर कापड परत. डबा आना, तुकडा न्या.”

हे ती रोज दहा दारांत म्हणत असे. गिऱ्हाईक मागाहून कुरकुरायला लागलं की हेच तिचं उत्तर, आणि भांडं परत आणून दिलंय असं कधी झालं नव्हतं. भांडं एकदा घरात शिरलं की कोण सोडतं?

वहिनींनी चपला घातल्या. त्यांचं घर बालवाडीच्या मागेच. गेल्या आणि हातात डबा घेऊनच परतल्या. आतले शेंगदाणे घाईनं कुठेतरी ओतले असावेत. तळाशी टरफलं चिकटलेली होती. त्यांनी डबा गोधडीवरच ठेवला. खण्णकन आवाज झाला.

“हा घ्या. आता द्या.”

कंकूबाईनं डब्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. ती थट्टा समजत होती, ती थट्टा नव्हती हे तिला कळायला थोडा वेळ लागला.

मला राहवेना. “कंकूबाई, नाही म्हणा! अख्खं लुगडं घेतलं होतंत तुम्ही, आता कापून तुकडे झाले. डबा दोन वर्षं वापरून झालाय. हा कसला परत?”

“ऱ्हाऊ द्या ताई. बोलले न्हवं.”

तिनं डबा बाजूला केला. कनवटीची सुई काढली आणि तो काळा तुकडा एकेक टाका उचकटत उसवायला लागली. ओढलं असतं तर झटक्यात निघाला असता, पण कापड फाटू नये म्हणून ती सुईच्या टोकानं दोरा सोडवत होती, ज्या कापडावर आता तिचा काही हक्क नव्हता त्याच्यासाठी. आम्ही इतक्या जणी भोवती बसून बघत होतो. 

“दिष्ट लागू नये म्हनून मदी काळं ठिवलंतं,” ती मान वर न करता म्हणाली. तेवढंच.

तुकडा निघाला. तिनं तो हातानं सरळ केला, चौघडी घातली आणि वहिनींच्या हातात दिला. गोधडीच्या मधोमध आतलं पांढरं अस्तर उघडं पडलं.

“मंग मी मंडळात हाय का न्हाई?”

“नियमात बसत नाही,” वहिनी म्हणाल्या.

कंकूबाईनं गोधडीची घडी घातली. डबा घेतला, सौदा म्हणजे सौदा. चपला पायांत सरकवून ती गेली.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ती समोर तुकडा हातात धरून उभी होती. मी उठले. रागानं माझा आवाज फाटत होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.

“सुलक्षणा, माझं नाव काढ. वहिनी, तुमच्या दहा नियमांत एकही तुम्हाला लागत नाही. त्या बाईचा एकच नियम आणि तो तिनं पोटच्या पोरीच्या गोधडीवर चालवला. तुम्ही कुणाला बाहेर काढलंत कळतंय का तुम्हाला? पाच बायका मागत होती ती! पैसे नाही, कपडे नाही. पाच बायका तासभर बसायला!”

“शैलाताई, नियम म्हणजे नियम. उद्या...”

“उठव गं मला,” हौसाआत्या म्हणाल्या. मी त्यांचा दंड धरला. उभ्या राहिल्यावर त्यांनी आपली सुई वहिनींच्या पुढ्यात चटईवर ठेवली. “पुष्पे, सासूबद्दल बोलायचं तर सुई खाली ठिवून, न्हाई का? ही बघ ठिवली. आता आईक. तुझी सासू जिती आसती तर तिनं ह्या लेकरावर सवताच्या हातानं चंद्रकळा पांघरली आसती. आन तुला डब्याचा हिसाब इचारला आसता.”

सुलक्षणानं टोपण लावून पेन ठेवून दिलं. नजमाभाभीनं काही न बोलता आपली कात्री पिशवीत टाकली. बाकीच्या बसून राहिल्या. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. पण नुसत्या पाण्याला काय करायचं? गोधडीला टाका लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडे जमायचं आम्ही ठरवलं. चार घरं झाली होती. पाचवं कुठून आणायचं ते ठाऊक नव्हतं. मी रस्त्यात दोन दारांत थांबून विचारलं. एकीच्या घरी पाहुणे यायचे होते, दुसरीला अचानक कपडे धुवायचे आठवले.

सकाळी मी मधल्या वाटेनं निघाले. ती रणनवऱ्यांच्या परसामागून जाते. तिथे त्यांचा उकिरडा आहे, चुलीची राख, भाजीची देठं, शेणाचा केर. आणि त्या सगळ्याच्या वर, जाता-येता कुणाच्याही नजरेस पडावा असा, तो काळा तुकडा पडला होता. काठ तांबडा. चौघडी मोडलेली नव्हती.

मी तिथेच उभी राहिले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि मला राग येत नाही असं कुणी म्हणणार नाही. हवा नव्हता! तिला तो नकोच होता! नुसतं दुसऱ्याला मिळू नये म्हणून घेतला आणि केराबरोबर टाकून दिला. एका पोटुश्या पोरीच्या गोधडीला भोक पाडून हिनं तो तुकडा रात्रभर उशाशी धरला असता तरी मी समजून घेतलं असतं. मी तो राखेतून उचलला. तसाच नेऊन वहिनींच्या पुढच्या दाराच्या कडीला बांधावा, असं मनात आलं. पण बायका थांबल्या असतील म्हणून मी मूठ आवळून ओढ्याकडे चालू लागले.

कंकूबाईच्या झोपडीपुढे सडा घातला होता. हौसाआत्या, नजमाभाभी आणि सासूला गिरणीत जाते सांगून दळणाचा डबा घेऊन आलेली सुलक्षणा, तिघी चटईवर बसल्या होत्या. दारात बाजेवर सविता. पोट पुढे आलेलं, चेहरा वाळलेला. ती आमच्या तोंडांकडे बघत होती, येणारी प्रत्येक जण मोजत.

“चारच?” ती आईला म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती.

मी मूठ उघडली. “हे बघा कंकूबाई. हे बघा तिचे प्रताप! उकिरड्यावर पडला होता.”

“उकिरड्यावर?” कंकूबाई जवळ आली. “कुनी टाकला?”

“मांजरानं नक्कीच नाही. घडीसुद्धा मोडली नाही.”

“म्हंजी तिनंच. सवताच्या हातानं. कुनी मागितला नसताना.”

“हो!”

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी तर सोबत द्यायच्या तयारीत होते. पण तिनं हौसाआत्यांकडे बघितलं, हौसाआत्यांनी तिच्याकडे, आणि म्हातारी खुदकन हसली.

“आवो ताई,” कंकूबाई माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “ह्येच तर लागतंय!”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावागावात केराप्पा आहेत, धोंडी आहेत, उकिर्डे आहेत. ज्यांची आधीची भावंडं गेली त्यांची ही नावं. पोर क्षणभर केरावर ठेवायचं आणि टाकलेलं म्हणून उचलायचं, म्हणजे नेणाऱ्याला त्याचा हेवा वाटत नाही. आमच्या आईनंच मला सांगितलं होतं, आणि शिकली-सवरलेली मी विसरून गेले होते.

“उकिरड्यावरचं कापाड मागून गावत न्हाई,” कंकूबाई म्हणाली. “आपन टाकून आपनच उचललं तर चालत न्हाई. दुसऱ्यानं मनापास्नं टाकाया लागतंय. आन वैनीनं मनापास्नं टाकलंय.”

“पर चारच हायती आय,” सविता म्हणाली.

हौसाआत्यांनी तुकडा झटकला. राख धुऊ दिली नाही. “पाचवं घर उकिरड्याचं,” त्या म्हणाल्या. “गावात त्येच्याइतकं जुनं घर दुसरं न्हाई.”

“चालंल?” सवितानं विचारलं.

“न चालाया काय झालं? बस आता तू सुखानं.”

आधी कंकूबाईनं तुकडा त्याच्या जागी बसवला. मग कडेला लांब दोरा ओवला आणि सुई हौसाआत्यांच्या हातात गेली. त्यांच्याकडून सुलक्षणाकडे; तिचे टाके इतके बारीक, की दिसेनात. नजमाभाभीनं सुई घेतल्यावर ओठांतल्या ओठांत अल्लाचं नाव घेतलं. मग मी. चवथी बाजू संपली आणि एक कोपरा उरला तेव्हा हौसाआत्यांनी सुई त्या काळ्या तुकड्यावर आडवी ठेवली आणि जरा वेळ ठेवू दिली.  मग त्यांनीच ती उचलून शेवटचे टाके घातले, उकिरड्याच्या वतीनं. दोरा कुठेच तुटला नाही. सवितानं गोधडी पोटाशी धरली आणि पहिल्यांदाच रडली.

माझा राग मात्र गेला नव्हता. असा राग जाऊही नये. पदर खोचून मी म्हटलं, “आता मी चालले रणनवऱ्यांच्या दारात. सांगते तिला, तू केरात टाकलेल्या सासूच्या चंद्रकळेखाली कुणाचं बाळ निजणार आहे ते.”

कंकूबाईनं माझं मनगट घट्ट पकडलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी.

“नगा सांगू ताई. पाया पडते. कळलं तर परत मागंल.”

सविताला मुलगी झाली. केरा नाव ठेवलं. मुलगी जगली, वाढली, साऱ्या आळीला पुरून उरेल इतकी भांडखोर निघाली. वहिनी पुढे कितीदा तरी बाजारात भेटल्या, माझ्याकडून ब्लाउजही शिवून नेले, आणि दर वेळी वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. गेल्या वर्षी त्या गेल्या, म्हणून आज सांगते आहे. केराची मुलगी आता त्याच गोधडीवर निजते. कापडं धुऊन धुऊन इतकी विरली आहेत, एकमेकांत इतकी मुरली आहेत, की आता कुणी मागायला आलं तरी त्यातून जिजींचा तुकडा वेगळा निघायचा नाही.